मागची चाकं, माझं वजन

ऑक्टोबर लागला की आमच्या डोंबिवलीत जिन्यातल्या भिंतीसुद्धा गरम होतात. तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत पदर ओला होतो. खाली फाटकाजवळ देवीच्या मांडवासाठी पहारीने खड्डे खणतात, आणि तो ठण् ठण् आवाज गॅलरीत येऊन थेट माझ्या दातांत बसतो. शेजारच्या सुनेला ह्या दिवसांत झेंडूचा वास येतो म्हणे. मला ग्रीसचा येतो. ग्रीस, उन्हात तापलेलं रबर आणि नवीन दोरीचा तो मेणचट वास. तीसेक वर्षं झाली, नाक काही विसरत नाही. नाकाला शिकवता आलं असतं तर मी त्याला बऱ्याच गोष्टी विसरायला शिकवल्या असत्या.

आमचं गॅरेज ठाण्याला चेंदणीच्या एका गल्लीत होतं. सासरे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. खाडीतली मासळी कमी झाली, होड्या कमी झाल्या, मग ह्यांनी गाड्या धरल्या. गॅरेज म्हणजे काय, एक गाडी आत गेली की तिची शेपूट उंबऱ्याशी, एवढीच जागा. मागे घर. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि माझा दीर मोहन. मी लग्न होऊन आले तेव्हा मोहन आठवीत होता. त्याच्या डब्यातला बोंबील मी तळलेला असायचा, त्याच्या शर्टाची बटणं मी लावलेली असायची, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची आणि तोही मला 'वहिनी, तू' म्हणायचा. पुढे तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागला. पण त्याचा जीव गाडीत होता, वेगात होता. दोघा भावांनी मिळून अपघातातली एक हजार सीसीची गाडी भंगाराच्या भावात आणली आणि तिची शर्यतीची गाडी केली. मागची सीट काढली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, ड्रायव्हरला घट्ट धरून ठेवणारी खोलगट सीट कुठून तरी पैदा केली. मोहन ती गाडी चालवायला लागला की ह्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते माझ्या वाट्याला कधी आलं नाही. असो.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. त्या वर्षी टायर बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस दसऱ्यानंतरच्या रविवारी आंबिवलीच्या पुढे, खाणीच्या कच्च्या रस्त्यावर, चार मुलांना चालवून बघणार होता. ज्याची निवड होईल त्याला पगार, गाडी, सगळं कंपनीचं. मोहनला कारखान्यातून सुटायचं होतं. तो रविवार म्हणजे त्याच्यासाठी सगळं आयुष्य होतं, आणि घरात आम्ही सगळेच त्या रविवारच्या अंगाने बोलायचो. 'दसऱ्यानंतर बघू' म्हटलं की कळायचं.

आता चाकांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं गाडी पुढच्या चाकांवर चालते. वळते पुढच्यांवर, पण सांभाळतात मागची. मागची चाकं चवडे किंचित आत वळवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी हवीत. दोन मिलिमीटर आत, बस. ती बाहेर बघायला लागली की जोरात वळताना गाडीची शेपूट पुढे यायला बघते, आणि मग वर देव असला तरी त्याचा हात तिथे पोचत नाही. हे लावायला तेव्हा आमच्याकडे काही यंत्र नव्हतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर, लोखंडी घोड्यांच्या टेकूवरून, जाळ्याला वापरतात ती तंगुसाची दोरी ताणून बांधायची. मग स्टीलची पट्टी घेऊन दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंत किती, मागच्या कडेपर्यंत किती, ते मापायचं. दोहोंतला फरक म्हणजे चाक कुठे बघतंय ते. बरोबर नसेल तर जॅकवर उचलायचं, एक बोल्ट असतो तो पान्याने जरा फिरवायचा, खाली उतरवायचं. आणि इथेच खरी गंमत आहे. जॅकवरून उतरवलेलं चाक लगेच खरं बोलत नाही. रुसलेल्या पोरासारखं पाय रोवून राहतं. गाडी दोन-तीन हात पुढे ढकलायची, मागे आणायची, मग ते सैल होतं आणि आपल्या जागी बसतं. त्यानंतरचं माप खरं.

आणि हे सगळं ड्रायव्हरचं वजन सीटवर असताना करायचं. असं ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मोहन दिवसभर कारखान्यात, म्हणून आधी मिठाची गोणी ठेवून बघितली. ती फाटली, मीठ सीटखाली गेलं, पत्रा गंजायला लागला. मग आषाढातल्या एका दुपारी ह्यांनी गोणीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी दारात तांदूळ निवडत होते.

"मोहन हेल्मेट-बुटांसकट एकोणऐंशी आहे," हे म्हणाले. "तू किती?"

मला काय माहीत मी किती. संध्याकाळी मला ठाणे स्टेशनवर नेलं. तिथे तेव्हा रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र असायचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एकोणऐंशी. भविष्यात लिहिलं होतं, तुमच्या मनमिळाऊ स्वभावामुळे घरात मान वाढेल. हे एवढे खूश झाले की स्टेशनबाहेर मला उसाचा रस पाजला. दुसऱ्या दिवशी ते तिकीट पान्यांच्या फळीवर खिळ्याने ठोकलं, वजनाची बाजू वर. येणारा-जाणारा वाचायचा.

मोहनने मला नाव ठेवलं, गोणी. "दादा, गोणी बसवली का सीटवर?" असं कारखान्यातून आल्या आल्या विचारायचा. आधी घरात, मग गॅरेजात, मग गल्लीत. 'गोणीवहिनी' म्हणून हाक आली की मी ओ द्यायला लागले. गाडी ढकलायला गल्लीतले दोघे-तिघे यायचे, कारण जागा नव्हती, गाडी माझ्यासकट बाहेर रस्त्यावर यायची. ते मुद्दाम कण्हायचे. "वहिनी, श्वास तरी सोडा, तेवढीच हलकी होईल." मोहन असला तर सगळ्यांत मोठ्याने हसायचा. त्याच्या हसण्यात वाईट नव्हतं, असं मी किती वर्षं लोकांना सांगत आले. आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू. वाईट होतं. घरच्या माणसाचं हसणं परक्यांना परवाना देतं, हे त्याला कळत होतं, आणि त्याला ते आवडत होतं.

मी मात्र त्या सीटवर बसून शिकत होते. हे खाली लोळून पट्टी लावायचे आणि आकडे ओरडायचे, "पुढे एकशेबेचाळीस, मागे एकशेचाळीस," आणि मी समोरच्या पत्र्यावर खडूने मांडायची. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण आकड्यांनी मला कधी गोणी म्हटलं नाही, म्हणून ते मला आवडायचे. महिनाभरात मला ह्यांच्या आधी कळायला लागलं, बोल्ट कुठे आणि किती. मी म्हणायची, "अजून पाव फेरा." हे करायचे, आणि बरोबर यायचं. 'तुला कसं कळलं?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. गोणीला कोण विचारतं.

श्रावण आला आणि मी ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे बाईने जेवण सोडलं तर हजार प्रश्न येतात, उपास केला तर एकही येत नाही. सोमवार, शनिवार, हे व्रत, ते व्रत, मग नवरात्राचे नऊ दिवस. वाटीभर वरी आणि ताक. सासूबाई उलट कौतुक करायच्या, सून देवाधर्माला लागली म्हणून. अंग उतरत होतं, पोलकी सैल होत होती, मी आतून टाके घालून घट्ट करायची. मला सडपातळ व्हायचं नव्हतं हो. मला फक्त त्या फळीवरचं तिकीट खोटं पाडायचं होतं. म्हणजे मग त्या सीटवर दुसरं कुणी बसेल, एवढाच हिशोब.

सातवी माळ होती त्या दिवशी. गल्लीत देवीचा मांडव घातलेला, अर्धा रस्ता त्यानेच खाल्लेला. मांडवात पंधरा-वीस बायका वेण्या करत बसलेल्या, पायात झेंडूचा ढीग. उन्हं उतरली होती तरी पत्रा पोळत होता. मोहनची दुसरी पाळी. ह्यांनी शेवटचं जुळवायला घेतलं होतं. डावं चाक जॅकवर घेतलं, बोल्ट फिरवला, उतरवलं, मापलं. पुढे एकशेबेचाळीस, मागे एकशेचाळीस. दोन मिलिमीटर आत, हवं तसं.

"आलं," हे म्हणाले. "चल, एकदा ढकलून घेऊ." आणि मांडवातल्या पोरांना हाक मारली.

त्यातला एक तिथूनच ओरडला, "दादा, आधी गोणी उतरवा, मग येतो. उपासाचं अंग आहे आमचं."

मांडव हसला. बायकाच हसल्या सगळ्या, ज्यांच्या घरी मी बाळंतपणात डबे पोचवले होते त्यासुद्धा. मी त्या खोलगट सीटमध्ये रुतून बसले होते. ती सीट अशी, की चटकन उठताही येत नाही. मला दिसलं, आता ही गाडी मला घेऊन ह्या बायकांच्या मधोमध जाणार, थांबणार आणि परत येणार. देवीच्या आधी माझीच मिरवणूक.

मी म्हटलं, "अहो, नका ढकलू. मला चक्कर येतेय. माप आलंय ना बरोबर? पुरे आता."

ह्यांनी मांडवाकडे बघितलं, घोडे परत काढायचे, दोरी परत बांधायची, तेही दिसलं असेल. दिवसभर जमिनीवर लोळून त्यांची पाठ गेली होती. "राहू दे," म्हणाले, आणि नट आवळला.

ते माप खरं नव्हतं. जॅकवरून उतरवलेल्या चाकाचं होतं. हे त्यांना माहीत होतं. आणि मला तर त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

रविवारी मी घरीच होते. ऐकलं ते असं. तिसऱ्या की चौथ्या वळणाला मागची बाजू पुढे आली, गाडी आडवी झाली आणि मोहनच्या बाजूने खडीच्या ढिगावर आदळली. डावा गुडघा आत चिरडला. कंपनीच्या माणसाने बाकीच्या तिघांना चालवून बघितलं आणि त्यातल्या एकाला निवडलं. त्याचं काय चुकलं, तो त्यासाठीच आला होता.

कल्याणच्या हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात सोळा खाटा होत्या. मोहन खिडकीशी, पाय वर टांगलेला. दुसऱ्या दिवशी मी भाताची पेज घेऊन गेले. वाकून वाटी देत होते आणि सासूबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"हिचं पोलकं बघ रे," त्या ह्यांना म्हणाल्या. "टाके घालूनसुद्धा कसं लोंबतंय. किती उतरलीस गं तू?"

मी पदर ओढून घेतला.

"गाडी हिच्या वजनावर लावलीस ना तू? आणि ही आतल्या आत उतरत होती? चल गं तू."

माझं मनगट धरून त्यांनी मला वॉर्डातून बाहेर काढलं. कल्याण स्टेशनपर्यंत चालत नेलं, भर दुपारी. यंत्रावर उभं केलं, नाणं टाकलं. अडुसष्ट. तिकीट घेऊन परत वॉर्डात, आणि ते मोहनच्या छातीवर ठेवलं. मोहनने वाचलं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं आणि त्यांची नातेवाईक मंडळी सगळी बघत होती.

"अकरा किलो," मोहन म्हणाला. "अकरा किलो, वहिनी. मला मारायला एवढी उपाशी राहिलीस?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी तिकीट उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "हां. होऊ शकतं असं."

मला मारलं असतं तरी चाललं असतं.

पुढची वर्षं कशी गेली विचारू नका. कालवण कमी वाढून घेतलं तर सासूबाई म्हणायच्या, "घे की, अकरा किलो भरायचेत तुला." जास्त घेतलं तर म्हणायच्या, "आता खातेस होय? आता काय उपयोग?" मोहनचा गुडघा वाकायचा बंद झाला. मशिनीवर दिवसभर उभं राहायचं काम गेलं, दोन ठिकाणची ठरत आलेली लग्नं मोडली. कुणी पाहुणा आला की तो पाय पुढे करायचा आणि माझ्याकडे बोट. "हिचा उपास." माणसं चुकचुकायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जशी गाभण गाईला लाथ मारणाऱ्या माणसाकडे बघतात.

त्यानंतरच्या वर्षी गॅरेजात तशीच एक गाडी दुरुस्तीला आली. हे जेवायला गेले होते. मी दोरी बांधली. सीटवर आधी अकरा किलो मिठाची पिशवी ठेवून मापलं, मग काढून मापलं. गाडी एकटीने ढकलत होते, अंगाला घाम सुटला होता. फरक आला तो पट्टीवर दिसेल न दिसेल एवढा. केसाएवढाही नाही. पुढे बसणाऱ्याच्या अकरा किलोंनी मागची चाकं वाकडं बघत नाहीत.

हे आले तेव्हा मी पट्टी हातात घेऊनच उभी होते. सांगितलं.

"माहीत आहे मला," हे म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना."

"सांगून त्याचा गुडघा वाकणार आहे?" हात पुसता पुसता बोलत होते, आवाज अजिबात चढला नव्हता. "माझ्या हातून चुकलं म्हटल्यावर ह्या गॅरेजात गाडी कोण आणेल? मोहनचं औषध कशातून येईल? तुझं काय, तुझ्याकडे कोण गाडी घेऊन येतंय." मग म्हणाले, "आणि 'नका ढकलू' असं कोण म्हणालं होतं?"

एवढंच. त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. चोवीस वर्षं एका ताटात जेवलो. दोन माणसं एकमेकांचा गळा धरून उभी असली की लांबून ती मिठीच वाटते. लोक म्हणायचे, काय जोडा आहे.

मला ह्यांच्याबद्दल फार वाईट बोलायचं नाही, तरी बोलले बघा. गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. सासूबाई त्यांच्याआधी गेल्या, शेवटपर्यंत माझ्या हातचं खाऊन आणि शेवटपर्यंत मला ऐकवून. गॅरेज विकलं, मी इकडे आले. मोहन पलीकडच्या बाजूला, पूर्वेला राहतो, एकटाच. नवरात्राच्या तोंडावर एकदा जेवायला येतो. तिसरा मजला त्याला जड जातो, एकेक पायरी पाय ओढत येतो, मला आतून ऐकू येतं. मी दार आधी उघडत नाही. बेल वाजवू देते.

गेल्या आठवड्यात आला होता. जेवला, सुपारी घेतली. खाली मांडव घालणारे ठोकत होते. बोलता बोलता एकदम म्हणाला, "वहिनी, मला शुगर निघाली. डॉक्टर पायाचं काय काय बोलतात. म्हटलं, आता बोलून टाकावं."

"बोल."

"मला माहीत होतं. दादाने तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं हॉस्पिटलात. आई चहाला गेली होती तेव्हा. रडला होता. म्हणाला, उतरवून ढकलली नाही रे गाडी, कंटाळा केला मी, माझी चूक."

"काय म्हणाले? कंटाळा केला म्हणाले?"

"हां. मीच राहू दे म्हटलं, असं म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काय. एवढंच."

म्हणजे ह्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. जगासमोर मी न केलेली चूक माझ्या अंगावर टाकली आणि आपल्या भावासमोर, रडताना, माझी खरी चूक स्वतःवर घेतली. आता ह्या माणसाला मी काय म्हणू? आणि कुठे जाऊन म्हणू?

"मग एवढी वर्षं, मोहन?" मी विचारलं.

त्याने सुपारी गालात सरकवली. "दादावर रागवलो असतो तर राहिलो कुठे असतो, वहिनी? घर त्याचं, औषध त्याचं. पण राग तर होता ना. तो कुठेतरी काढायला हवा होता. तू सोयीची होतीस."

सोयीची. हा शब्द त्याने सरळ वापरला, लाजला नाही, म्हणून मला तो खरा वाटला.

गेली कितीतरी वर्षं मी मनात एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. मोहन, गाडी ढकलू नका असं मी म्हटलं होतं, मला हसतात म्हणून, आणि माप खोटं आहे हे मला ठाऊक होतं. मरायच्या आधी हे त्याच्या कानावर घालायचं, एवढं एकच काम उरलंय असं मी धरून चालले होते. ते वाक्य तोंडाशी आलं. ओठसुद्धा हलले माझे.

पण तो तोवर खुर्चीतून उठला होता. रडत होता, साठीला आलेला माणूस. "माफ कर वहिनी," म्हणाला, आणि पायाशी यायला लागला. त्याचा गुडघा वाकत नाही. आधी एक हात भिंतीला, मग एक हात लादीवर, मग तो पाय बाजूला लांब पसरून, असं करत करत तो खाली आला. वेळ लागला. धाप लागली त्याला. मला थांबवता आलं असतं. अरे राहू दे, म्हणता आलं असतं.

मी पाय पुढे केले.